द्राक्षाचं वर्ष छाटणीपासून



फेब्रुवारी-मार्चमध्ये हुबळीच्या जनता बाजारात द्राक्षांच्या हातगाड्या लागतात. त्यातला बराचसा माल विजयपूर, टिकोटा, अथणी, जत, तासगाव या पट्ट्यातून येतो. आपल्यापैकी कितीतरी घरांची मुळं याच पट्ट्यात आहेत. गाडीवरचा घड उचलताना आपण गोडी बघतो, भाव करतो. पण तो घड वेलीवर येणार की नाही, हे आदल्या मे महिन्यातच ठरलेलं असतं. त्या वेळी वेलीवर एकही मणी नसतो, फूल नसतं, नुसती कोवळी काडी आणि पानं असतात.

गेल्या महिन्यातल्या ज्वारीच्या लेखानंतर द्राक्षाबद्दल लिहा, असे तीन-चार निरोप आले. त्यातला एक बंगळुरात नोकरी करणाऱ्या मुलाचा. आईवडील इथे धारवाडात, बाग अथणीकडे चुलत्यांकडे. त्याने विचारलं होतं, "काका, आम्ही बागेला ऑटोमॅटिक व्हॉल्व्ह बसवलेत, मोबाईलवरून पाणी सोडता येतं. तर रोज किती सोडू?" मी त्याला उलट विचारलं, छाटणी कोणत्या तारखेला झाली? ती तारीख त्याच्याकडे नव्हती. आणि ती नसेल तर त्याच्या प्रश्नाला उत्तरच नाही. आजचा लेख त्या तारखेबद्दल आणि तिच्यावर अवलंबून असलेल्या पाण्याबद्दल, खताबद्दल.

वेल झोपत नाही, म्हणून

फ्रान्स-इटलीत थंडी पडली की द्राक्षवेलीची पानं गळतात. वेल हिवाळाभर झोपते. झोपेत असतानाच तिची छाटणी करतात आणि वसंतात ती आपणहून फुटते. आपल्याकडे तशी थंडीच नाही. वेल बारा महिने हिरवी राहते, तिला थांबवायचं आणि पुन्हा चालवायचं काम शेतकऱ्याला कात्रीने करावं लागतं. म्हणून आपल्याकडे वर्षातून दोन छाटण्या आणि पीक एकदाच.

पहिली एप्रिलमधली खरड छाटणी. माल उतरल्यावर वेलीला थोडी विश्रांती देतात आणि मग जुनी काडी एक-दोन डोळे ठेवून खरडून काढतात. मांडवावर फक्त ओलांडे दिसतात. नवा माणूस बघेल तर म्हणेल, बाग वाळली. पण दहा-पंधरा दिवसांत फूट येते. ही फूट फळासाठी नाही, पुढच्या पिकाची काडी तयार करण्यासाठी आहे. दुसरी ऑक्टोबरमधली फळछाटणी, हिलाच गोडी छाटणी म्हणतात. पावसाळाभर पिकलेली काडी ठरावीक डोळ्यांवर छाटतात, त्या डोळ्यांतून घड बाहेर पडतात आणि साधारण चार महिन्यांत माल तयार होतो.

म्हणजे वेलीचं वर्ष पाडव्याला सुरू होत नाही आणि एक जानेवारीलाही नाही. ते छाटणीच्या दिवशी सुरू होतं. बागायतदार एकमेकांना तारीख विचारत नाहीत, "कितवा दिवस?" असं विचारतात.

चाळीस ते साठ

खरड छाटणीनंतर साधारण चाळिसाव्या ते साठाव्या दिवसांत काडीवरच्या डोळ्यांच्या आत एक निर्णय होत असतो. डोळ्यात एक अगदी सूक्ष्म कोंब असतो, तो सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतो. त्या कोंबाचा घडही होऊ शकतो आणि बाळीही. बाळी म्हणजे वेल ज्याने तारेला पकडते तो कुरळा धागा. दोघांची सुरुवात एकच. वेलीत सायटोकायनिन हे संजीवक पुरेसं असेल तर घडाकडे कल जातो, जिबरेलिन वरचढ झालं तर बाळीकडे. सायटोकायनिन प्रामुख्याने कोवळ्या मुळ्यांच्या टोकांत तयार होतं. वेल जोरात वाढत सुटली की जिबरेलिनचं पारडं जड होतं.

आता यात पाणी कुठे आलं? भरपूर पाणी आणि भरपूर नत्र मिळालं की वेल माजते. शेंडा पळत राहतो, पानावर पान चढतं, खालच्या डोळ्यांवर ऊन पडत नाही. डोळ्याला घड बनायला ऊनही लागतं. मग ऑक्टोबरात छाटणी झाली की काड्या निघतात आणि त्यावर घडाऐवजी बाळ्याच निघतात. मे महिन्यात हिरवीगार दिसलेली बाग डिसेंबरात रिकामी असते. बाग सुकलेली दिसली तर मालक लगेच धावतो. हिरवी दिसली तर निर्धास्त राहतो, आणि नुकसान नेमकं तिथेच होतं.

म्हणून या वीस दिवसांत पाणी मुद्दाम कमी करायचं. वेल वाळवायची नाही, फक्त तिचा वेग आवरायचा. शेंडा खुडायचा, सबकेन करायची, गर्दीच्या काड्या काढायच्या आणि डोळ्यांवर ऊन येऊ द्यायचं.

पाण्याचा हिशोब

पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, १९९७ साली सुरू झालेलं. त्यांनी पाण्याचा हिशोब बाष्पीभवनावर बसवला आहे. उघड्या गोल पात्रातलं पाणी दिवसभरात किती मिलिमीटर उडालं ते मोजायचं आणि त्यावरून बागेला पाणी द्यायचं. छाटणीनंतर पहिले चाळीस दिवस, म्हणजे फुटीच्या वाढीच्या काळात, दर एक मिलिमीटर बाष्पीभवनामागे हेक्टरी ४२०० लिटर. त्यानंतर घडनिर्मिती आणि काडी पिकण्याच्या काळात हेच प्रमाण १४०० लिटर, म्हणजे एकतृतीयांश.

आपण एकरात बोलू. उन्हाळ्यात आपल्या भागात दिवसाला १० मिलिमीटर बाष्पीभवन धरा. पहिल्या चाळीस दिवसांत एकराला रोज सुमारे १७,००० लिटर लागतील. एकेचाळिसाव्या दिवसापासून सुमारे ५,६००. फरक रोज अकरा हजार लिटरचा. म्हणजे एका एकरामागे दिवसाला एक टँकर! आणि हे पाणी वाचवून पीक घटत नाही, उलट घड वाढतात.

ऑक्टोबरच्या छाटणीनंतर पुन्हा तसंच. पहिले चाळीस दिवस पुरेसं पाणी, फुलोऱ्याच्या पंधरवड्यात कमी, आणि मणी फुगायला लागले की पुन्हा पूर्ण. मणी लहान असताना पाणी तोडलं तर तो मणी पुढे कितीही पाणी दिलं तरी भरून निघत नाही. आणि शेवटी मण्यात पाणी उतरल्यावर, म्हणजे मणी मऊ पडून साखर भरायला लागल्यावर, ताण देऊन एकदम भरपूर पाणी सोडलं तर साल तडकते. तिथे सारखेपणा महत्त्वाचा.

पाऊस पडला तर तोही जमेला धरायचा. १० मिलिमीटर पाऊस म्हणजे एकरावर सुमारे चाळीस हजार लिटर पाणी. तो पडलेला असताना ठिबक ठरल्या वेळेला सुरूच असेल, तर मोबाईलवरच्या व्हॉल्व्हचा काही उपयोग झाला नाही.

खताचं वेळापत्रक

खतालाही दिवसच लागतात. आता बहुतेक बागांत विद्राव्य खतं ठिबकमधूनच जातात, म्हणून वेळ पाळणं सोपं झालंय. ढोबळ क्रम असा लक्षात ठेवा. छाटणीनंतर फूट वाढत असताना नत्र. घडनिर्मितीच्या सुमारास नत्र आवरून स्फुरद. त्यानंतर काडी पिकताना पालाश. ऑक्टोबरनंतरही क्रम तोच, फक्त काडीच्या जागी मणी येतात. आधी वाढीला नत्र, फुलोऱ्याच्या आसपास स्फुरद, मणी फुगताना आणि गोडी भरताना पालाश. शेवटच्या टप्प्यात नत्र दिलं तर मणी मऊ पडतात, माल टिकत नाही.

किती द्यायचं, हे दुकानदाराने सांगायचं नसतं, पानाच्या देठाने सांगायचं असतं. खरड छाटणीनंतर पंचेचाळिसाव्या दिवसाच्या सुमारास काडीच्या बुडापासून पाचव्या पानाचे देठ, आणि फळछाटणीनंतर ऐन फुलोऱ्यात घडासमोरच्या पानाचे देठ गोळा करून प्रयोगशाळेत द्यायचे. पान काढून टाकायचं, देठच ठेवायचा. याला देठ परीक्षण म्हणतात. मी नोकरीची बरीच वर्षं माती तपासण्यात घालवली, त्यामुळे मातीच्या अहवालाला मी कमी लेखणार नाही. पण माती सांगते भांडारात काय आहे, आणि देठ सांगतो वेलीच्या पोटात काय पोचलं. आपल्या चुनखडीच्या जमिनीत या दोन्हींत बरंच अंतर असतं. मातीत लोह असूनही कोवळी पानं पिवळी पडतात, कारण चुना ते मुळीला घेऊ देत नाही.

चुन्याचंच आणखी एक. बोअरचं पाणी क्षाराचं असलं की बरेच जण जिप्सम टाकतात. ज्या जमिनीत चुनखडी आधीच आहे तिथे गंधक जास्त उपयोगी. मातीतले जीवाणू गंधकाचं आम्ल करतात, ते आम्ल चुना विरघळवतं, आणि त्यातून सुटलेलं कॅल्शियम सोडियमला मुळीजवळून हटवतं. ढेकळावर पातळ आम्लाचे दोन थेंब टाकले आणि ते फसफसलं, तर चुनखडी आहे असं समजा.

क्षार आणि दुष्काळ यांमुळेच आपल्याकडे खुंटावर कलम करायची पद्धत रुळली. वर थॉम्पसन, तास-ए-गणेश किंवा सोनाका, आणि जमिनीत बहुतेक ठिकाणी डॉगरिज. हा खुंट अमेरिकेतल्या टेक्सासचा. तिथल्या टी. व्ही. मन्सन नावाच्या माणसाने रानटी द्राक्षवेली हिंडून गोळा केल्या. एकोणिसाव्या शतकात मुळं खाणाऱ्या किडीने फ्रान्सच्या बागा उद्ध्वस्त झाल्या तेव्हा टेक्सासमधल्या रानटी वेलींचे खुंट त्यांच्या कामी आले. त्याच टेक्सासचा खुंट आज सोलापूर, सांगली आणि विजयपूरच्या काळ्या जमिनीत उभा आहे. पण डॉगरिज अंगाने जोमदार. त्याला नत्र थोडं जरी जास्त झालं तरी वेल हाताबाहेर जाते. म्हणून आजोबांच्या काळातली, स्वतःच्या मुळांवरच्या बागेची खतमात्रा आज जशीच्या तशी चालत नाही.

चार एकर आणि चाळीस हजार लिटर

हे सगळं कागदावर सोपं वाटतं. कसोटी लागते ती पाणी संपल्यावर. २०२३ च्या दुष्काळात कर्नाटकातले २३६ पैकी २२३ तालुके दुष्काळग्रस्त जाहीर झाले, हे तुम्हाला आठवत असेल. त्याच्या पुढचा उन्हाळा, म्हणजे २०२४ चा, बागांवर आला.

माझ्या आतेभावाची टिकोट्याकडे चार एकर बाग आहे. माल उतरला तेव्हा दोन बोअर मिळून दिवसाला चाळीस हजार लिटर पाणी निघत होतं. घरात दोन मतं. आतेभाऊ म्हणे, दरवर्षीप्रमाणे चारही एकरांची छाटणी एकदम करू आणि कमी पडेल तेवढे टँकर आणू. मुलगा इथे हुबळीत नोकरीला, तो म्हणे दोन एकर काढून टाकू, झेपत नाही ते कशाला ठेवायचं. वहिनींनी एकच विचारलं, टँकरला पैसे कुठून आणायचे? आदल्या बेदाण्याची पट्टी अजून व्यापाऱ्याकडे अडकलेली, बँकेचा हप्ता समोर. आणि बाग काढायची म्हणजे नुसती वेल जात नाही. मांडवाचे लोखंडी अँगल, तारा, आणि पुन्हा लावली तर पहिला माल यायला दोन वर्षं.

मी गेलो होतो तेव्हा मुलाने कॅलेंडरच्या पाठीमागे हिशोब मांडला. चारही एकर एकदम छाटले तर रोज ६८,००० लिटर लागणार. बोअरचं पाणी ४०,०००, तूट २८,००० लिटरची, आणि ती चाळीस दिवस. एकूण ११ लाख २० हजार लिटर, म्हणजे दहा हजारी टँकरच्या ११२ खेपा.

मग छाटणी दोन भागांत केली तर? दोन एकर १ एप्रिलला आणि दोन एकर वीस दिवसांनी. पहिल्या वीस दिवसांत ३४,००० लिटर पुरे, उरलेलं सहा हजार थांबलेल्या दोन एकरांना जगवायला. पुढचे वीस दिवस दोन्ही भाग वाढीत, तिथे २८,००० ची तूट. त्यानंतर पहिल्या भागाची गरज एकतृतीयांशावर उतरते, मग तूट रोज ५,२०० एवढीच. सगळी तूट मिळून ६ लाख ६४ हजार लिटर. ११२ खेपांच्या जागी ६७. आणि दोन्ही भागांचे चाळीस दिवस उलटले की चार एकरांना मिळून बावीस-तेवीस हजार लिटर पुरतात, बोअरवरच भागतं.

यात फुकट काही नव्हतं. उशिरा छाटलेल्या भागाचे चाळीस ते साठ दिवस जूनमध्ये येणार, आणि जूनमध्ये आभाळ असतं. हे मी त्यांना सांगितलं होतं. त्यांनी ते समजून घेऊन दोन भागांची छाटणी केली. बोदावर उसाचं पाचट अंथरलं, वेलीवर काड्या नेहमीपेक्षा कमी ठेवल्या. झालं तसंच. त्या दोन एकरांत ऑक्टोबरनंतर घड कमी निघाले आणि उत्पन्न घटलं. पहिल्या दोन एकरांनी सांभाळून घेतलं. हप्ता थोडा उशिरा का होईना, गेला. आज चारही एकर उभे आहेत. बाग काढायचा विषय घरात पुन्हा निघालेला नाही, पण निघणारच नाही असंही मी म्हणणार नाही. बोअर दरवर्षी खोल जातंय आणि मुलगा हुबळीतच राहणार आहे.

मला यात एक गोष्ट महत्त्वाची वाटली. बापाला बागेचा चाळीस वर्षांचा अनुभव होता आणि मुलाला गुणाकार येत होता. दोघं एका कॅलेंडरवर बसले तेव्हा मार्ग सापडला. गावाकडच्या बागेबद्दल आपल्या तरुण मंडळींचं योगदान बहुतेक वेळा नवीन बोअरला पैसे पाठवण्यापुरतंच राहतं. मोबाईलवरचा व्हॉल्व्ह त्याच्या पुढची पायरी. त्याहून स्वस्त आणि उपयोगी म्हणजे वेलीचे दिवस मोजणं.

सुट्टीत गावी जाल तेव्हा

मे महिन्यात मुलांना घेऊन गावी जाणार असाल तर तीन कामं सांगतो. पैसे लागत नाहीत.

पहिलं, छाटणीची तारीख विचारून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा आणि तिथून चाळिसावा आणि साठावा दिवस खुणा करून ठेवा. बागेचे तुकडे वेगवेगळ्या दिवशी छाटले असतील तर प्रत्येकाची खूण वेगळी.

दुसरं, ठिबकची तपासणी. ताशी चार लिटरचा ड्रीपर असेल तर पंधरा मिनिटांत एक लिटर पाणी पडायला हवं. मुलांच्या हातात बाटल्या द्या. नळीच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी एकेक बाटली ठेवा आणि घड्याळ लावा. शेवटची बाटली अर्धीच भरत असेल, तर नळ्या धुवायला झाल्या किंवा दाब कमी पडतोय. तोवर वरचे सगळे लिटरचे आकडे फोल आहेत. खतही त्याच पाण्यातून जातं, त्यामुळे शेवटच्या वेली दोन्हींना मुकतात.

तिसरं, ड्रीपरच्या बाजूला बोदात हाताने वीतभर उकरा. तिथे बारीक पांढऱ्या मुळ्या दिसल्या तर वेल खातेपिते आहे. तपकिरी, कुजकट मुळ्या आणि चिखल दिसला तर पाणी जास्त होतंय, मग पानं कितीही हिरवी असोत. माती कोरडी भुसभुशीत आणि मुळ्या दिसेनात, तर पाणी दुसरीकडेच जातंय.

देठ परीक्षणासाठी आणि प्रश्न विचारण्यासाठी आपल्या जवळ मोठ्या संस्था आहेत. धारवाडचं कृषी विज्ञान विद्यापीठ आपल्या घराजवळच, त्याचं संशोधन केंद्र विजयपुरात, आणि २००८ साली सुरू झालेलं बागायती विज्ञान विद्यापीठ बागलकोटला. धारवाडचा कृषी मेळावा साधारण सप्टेंबरमध्ये भरतो, म्हणजे फळछाटणीच्या अगदी तोंडावर. गावाकडच्या मंडळींना त्या दिवसांत घरी मुक्कामाला बोलवा. मेळावा होईल, पेढेही होतील.

पुढच्या लेखात बेदाणा. चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा कसा होतो, शेडमध्ये काय चालतं, आणि आपले शेजारी ज्याला ओणद्राक्षी म्हणतात त्याचा हिरवा रंग कुठून येतो, ते पाहू. तुमच्या बागेचा आज कितवा दिवस आहे, ते कळवा.